शेवयांचं मशीन

मागच्या विकांताला परभणीला गेलो होतो. घराचं जुनं माळवद यंदा उतरवायचं ठरलंय, त्यामुळे आतल्या खोलीतलं सामान बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. कोनाड्यातल्या एका पत्र्याच्या डब्यात पितळ-लोखंडाचं एक यंत्र निघालं. खाली टेबलाला आवळायचा स्क्रू, बाजूला फिरवायचा दांडा. मी म्हटलं, "आई, हे आपलं जुनं शेवयांचं मशीन ना?" आई काहीच बोलली नाही. पप्पा म्हणाले, "शेवयांचं नाही ते. आबांचं काडतुसाचं मशीन. राहू दे तिथंच."

'राहू दे तिथंच' म्हटल्यावर इंजिनियर माणसाचं काय होतं ते सांगायला नको. :-)

यंत्रावर 'शेफील्ड' एवढंच वाचता येतं. डब्यात त्याच्यासोबत आठ रिकामी कागदी काडतुसं होती, आणि एक भरलेलं. त्या भरलेल्याकडे नंतर येतो.

आधी हे यंत्र करायचं काय? आपल्याला शिवकालीन सिनेमांमुळे ठासणीची बंदूक माहीत असते. नळीच्या तोंडातून दारू, मग बोंदरी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. एक बार उडवला की पुन्हा सगळी पूजा पहिल्यापासून. १८३०च्या दशकात पॅरिसच्या लफोशो नावाच्या बंदूकवाल्याने हे सगळं कागदाच्या नळकांडीत आधीच भरून ठेवायची आणि बंदूक मधून मोडून मागच्या बाजूने घालायची सोय केली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि १८६०च्या दशकात मधोमध टोपी असलेलं, पितळी बूड आणि कागदी अंग असलेलं काडतूस तिथे रुळलं. बाराच्या बंदुकीचं काडतूस आजही ढोबळमानाने तेच आहे. कागदाच्या जागी प्लास्टिक आलं, एवढंच.

आता या नळकांडीत दारू, त्यावर पुठ्ठा, जाड नमद्याची गुंडाळी, छर्रे, आणि सगळ्यात वर एक पातळ पुठ्ठ्याची चकती. पण चकती जागेवर राहणार कशी? नळकांडीची थोडी कड वर शिल्लक ठेवतात आणि ती आत वळवून चकतीवर बसवतात. करंजीला मुरड घालतात ना, अगदी तशी. ही मुरड घालायचं ते यंत्र. काडतूस आडवं एका पकडीत बसवायचं, मुठीने पुढे दाबायचं, आणि दांडा फिरवायचा. समोरच्या फिरत्या डोक्यात गोल खाच असते आणि बारीकसा उंचवटा. त्यावर घासून कागद थोडा गरम होतो, त्यातलं मेण नरमतं, कड आधी आत झुकते आणि मग गोल गुंडाळत चकतीवर बसते. खिळा नाही, डिंक नाही. ज्याने कोणी हे पहिल्यांदा केलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मला आधी वाटलं, मुरड म्हणजे नुसतं झाकण, छर्रे सांडू नयेत म्हणून. पण वाचत गेलो तसं कळलं की भानगड त्याहून मोठी आहे. जुनी काळी दारू दिलदार होती, मुरड सैल असली तरी ती जळायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनधुराची दारू आली, आणि ती नखरेल निघाली. तिला नीट जळायला सुरुवातीला थोडा विरोध लागतो, तो ही मुरड देते. सैल मुरड म्हणजे फुसका बार, छर्रे वीस पावलांवर मातीत. फार घट्ट मुरड म्हणजे नळीत नको इतका दाब. शिवाय बार उडताना मुरड पूर्ण उलगडते, म्हणून बंदुकीतली जागा काडतुसाच्या उलगडलेल्या लांबीएवढी हवी. जागा कमी पडली तर कड पुढच्या निमुळत्या भागात अडकते आणि दाब पुन्हा वाढतो. म्हणजे अर्धा सेंटिमीटर कागदावर माणसाचे डोळे आणि बोटं अवलंबून. आमच्याकडे प्रॉडक्शनला एवढी जबाबदारी कुणी घेत नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कड मोदकाच्या कळ्यांसारखी घड्या घालून मिटवायची पद्धत आली. त्यात चकतीच लागत नाही, त्यामुळे उडताना ती छर्ऱ्यांच्या वाटेत येऊन त्यांचा फैलाव विस्कटण्याचा प्रश्न मिटला. कारखान्यांना ते सोयीचं. मुरड मात्र अजून संपलेली नाही. हौशी लोक परदेशात ड्रिल मशीनला डोकं लावून आजही प्लास्टिकच्या काडतुसाला मुरड घालतात. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये येतं, तेव्हा कुणी उत्साह दाखवू नये.

पण परभणीत हे यंत्र का आलं असेल? हैदराबाद ते मनमाड निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास झाली आणि परभणी त्या रुळावर आली. तयार काडतूस महाग, लांबून येणारं. बंदूक आमच्या पणजोबांची, कारण शेतात हरणांचे कळप आणि रानडुकरं. ज्वारी निसवली की रात्रभर मचाणावर गोफण घेऊन बसायचं, आणि गोफणीने भागलं नाही तर बार. एकदा उडालेलं काडतूस फेकून देणं परवडणारं नव्हतं. टोपी बदलायची, पुन्हा भरायचं, पुन्हा मुरड. पावसाळ्यात कागद फुगून काडतूस बंदुकीत शिरत नसे, हा वैताग साऱ्या हिंदुस्थानात होता. म्हणूनच इंग्रज कंपन्या पातळ पितळेची काडतुसंही विकत. आमच्याकडे मात्र कागदीच दिसतात. स्वस्त असणार.

कागदी काडतुसाला मात्र मर्यादा असते. दर बाराला तोंड थोडं जळतं, कड फाटते. मग जळका भाग कापून नवी मुरड घालायची. डब्यातली आठ काडतुसं मी दिवाणखान्यात पेपरवर ओळीने मांडली आणि लॉग फाइल वाचावी तशी वाचली. तिघांच्या तोंडाशी एकच वळ आहे. चारांना दोन वळ, एकाच्या अगदी जवळ दुसरा. एक तर बोटभर आखूड झालंय, कापून कापून. म्हणजे कुणीतरी काडतुसं मिळेनाशी झाल्यावर सुद्धा हे भरतच राहिलं होतं.

असा काळ कुठला, हे मराठवाड्यात विचारायला लागत नाही. १९४७-४८. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं 'रझाकाराच्या साली' असंच म्हणतात. कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांच्या टोळ्या गावं लुटत होत्या, आणि स्टेट काँग्रेसचे कॅम्प हद्दीपलीकडे. १९४८ मध्ये सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून निजामासाठी हत्यारं आणत होता. आणि इकडे एका माळवदाच्या घरात पंचविशीच्या आतला एक माणूस कंदिलाशी बसून, दोनदा उडालेल्या कागदाला तिसऱ्यांदा मुरड घालत होता. मी त्या चित्रात रमलो, हे कबूल करतो. आजोबा हिरो कुणाला नको असतात?

पप्पांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबांनी कधी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही."

पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबरला सुरू झाली, १७ ला संपली. आम्ही शाळेत १७ सप्टेंबरला झेंडा वंदन करून घरी यायचो, पुस्तक तिथेच संपायचं. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं ते मी नोकरी लागल्यावर वाचलं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला होता. त्यात बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडची. आमच्या शेजारचं नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात होता. आणि आबा शिकले उर्दू शाळेत, त्यांचे दोस्त कोण असतील ते वेगळं सांगायला नको.

काडतुसाच्या तोंडावरून ते किती वेळा उडालं ते कळतं. सप्टेंबरच्या आधी की नंतर, आणि कशावर, ते कळत नाही.

आता ते भरलेलं नववं. मुरड एकसारखी, चकती स्वच्छ. मुरडीच्या काडतुसात छर्ऱ्याचा नंबर चकतीवर दिसतो, विकतच्यावर छापलेला असतो. इथे शाईने हाताने लिहिलाय, उर्दू आकड्यात. मला वाचता आला नाही, पप्पांनाही पहिल्यांदा नाही. पुण्यातल्या एका कलीग मित्राला फोटो पाठवला, दोन मिनिटांत उत्तर आलं: चार.

नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा. सहा नंबर तित्तराला, चार नंबर सशाला नाहीतर बदकाला. मोठ्या जनावरासाठी एल.जी., एस.जी. असे जाड छर्रे वेगळे. निदान हे एक तरी सशाचं होतं.

१९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली (दुष्काळही त्याच साली, ससे तरी कुठे राहिले होते म्हणा). नंतरची वर्षं आबांनी परवाना नुसता चालू ठेवला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, १८६९ सालच्या त्या कारखान्याची, शक्तिमान काडतुसं दुकानात मिळत होती, यंत्राची गरजच उरली नव्हती. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत, एवढंच माझ्या आठवणीत आहे. आबा गेल्यावर पप्पांनी ती कायमची जमा केली. डबा राहून गेला. मी आता पुण्यात रोज त्याच खडकीवरून ऑफिसला जातो. कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया नावाच्या सरकारी कंपनीत गेलाय.

पप्पा म्हणत होते, विहिरीत टाकून दे. पण कायदा मी वाचलेला होता. परवाना संपला की दारूगोळाही जवळच्या ठाण्यात जमा करायचा, कलम २१. रविवारी सकाळी दोघं गेलो. मला वाटलं होतं चौकशी लागेल, पण ड्युटीवरच्या अंमलदाराने ते हातात फिरवून बघितलं, म्हणाला, असलं लहानपणी बघितलं होतं. नोंद केली: जुने कागदी काडतूस, एक नग, भरलेले. मग चकतीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"चार," पप्पा म्हणाले. "सशाचं आहे."