हैबतबाबा आणि भिल्लांचा नाईक

आषाढीच्या वारीस आजची शिस्त ज्यांनीं लावून दिली, त्या हैबतबाबा आरफळकरांचें नांव महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. परंतु ज्या एका प्रसंगानें हा लष्करी सरदार वारकरी झाला, त्या प्रसंगांतील दुसऱ्या पुरुषाकडे आमच्या कीर्तनकारांचें व चरित्रकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तो पुरुष म्हणजे भिल्लांचा नाईक. त्याच्याविषयीं चार शब्द लिहावे, असा आमचा हेतु आहे.

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यांतील आरफळचे. ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या पदरीं ते सरदार होते. परंपरा असें सांगते कीं, चाकरींत मिळविलेलें द्रव्य घेऊन ते गांवाकडे परतत असतां सातपुड्याच्या रानांत भिल्लांच्या टोळीनें त्यांस गांठलें, लुटलें, आणि एका गुहेंत कोंडून तिच्या तोंडाशीं मोठी शिळा लोटली. आंत अन्न नाहीं, सोबत नाहीं. हैबतरावांनीं ज्ञानेश्वरांचा हरिपाठ म्हणण्यास आरंभ केला. असे एकवीस दिवस लोटले. एकविसाव्या दिवशीं नाइकाच्या बायकोस मुलगा झाला. त्या आनंदाच्या भरांत नाईक गुहेपाशीं आला, त्यानें शिळा बाजूस सारविली, आणि आंतला बंदिवान जिवंत असून अजून हरिपाठच म्हणत आहे हें पाहून तो थक्क झाला. त्यानें हैबतरावांस मानानें सोडून दिलें. ते आळंदीस आले आणि तेथलेच होऊन राहिले.

पुढील इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं देहूहून पालखी नेण्याचा प्रघात सुरू केला होता, व ज्ञानेश्वरांच्या पादुकाहि त्याच पालखींतून पंढरीस जात. हैबतबाबांनीं १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्र केला. दिंड्यांचा क्रम, भजनाचे नियम, मुक्कामांची व्यवस्था हें सर्व त्यांनीं एखाद्या सेनापतीनें छावणी आंखावी तसें आंखून दिलें. बेळगांवकडील अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे व तंबू दिले. आजहि माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. भोसरी व चाकण येथील कारखान्यांच्या मधोमध इंद्रायणीकांठीं वसलेल्या त्या लहानशा क्षेत्रांतून दरवर्षीं लाखों माणसें ज्या रीतीनें निघतात, ती रीति त्या गुहेंतून सुटलेल्या माणसानें घातलेली आहे.

या कथेचें तात्पर्य म्हणून नामाचा महिमा सांगण्यांत येतो. त्या श्रद्धेशीं आमचा वाद नाहीं. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या ज्ञानेश्वरांनीं निर्जीव भिंत चालविली असें आपण लहानपणापासून ऐकतों, त्यांच्या भक्तासाठीं गुहेवरील शिळा आपोआप सरकली, असें सांगणें कथाकारांस मुळींच कठीण नव्हतें. तसें त्यांनीं सांगितलें नाहीं. शिळा माणसाच्या हातानें सरली. आणि तो हात नुकत्याच बाप झालेल्या एका लुटारूचा होता. हा तपशील कथेंत कां टिकला, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

मुलाच्या दर्शनानें दरोडेखोराचें काळीज द्रवलें, ही कल्पना जगांत सर्वत्र आढळते. अमेरिकेंत पीटर काइन यानें १९१३ सालीं लिहिलेल्या कथेवरून जॉन फोर्ड यानें १९४८ सालीं ‘थ्री गॉडफादर्स’ हा चित्रपट काढला. त्यांत पेढी लुटून पळालेल्या तिघांच्या ओटींत वाळवंटांत मरणारी एक माता आपलें तान्हें मूल टाकते, आणि तें वांचविण्यासाठीं ते जिवावर उदार होतात. आपल्याकडे नामदेवांच्या नांवावर अशीच एक कथा चालत आली आहे. ऐन तारुण्यांत ते वाटमारी करीत. त्यांनीं चौऱ्यायशीं स्वार मारले. पुढें औंढ्या नागनाथाच्या देवळांत एक स्त्री भुकेनें रडणाऱ्या पोरावर रागें भरतांना त्यांनीं पाहिली. चौकशी करतां त्या पोराचा बाप त्या स्वारांतच पडला होता असें कळलें, आणि त्या क्षणीं ते पालटले. या कथेच्या खरेपणाविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. परंतु ती रचणारास मनुष्यस्वभाव चांगला कळत होता यांत शंका नाहीं. आळंदीहून निघालेली पालखी पुरंदर तालुक्यांतील ज्या वाल्हें गांवीं मुक्काम करते, तेथील लोक वाल्या कोळी आपल्याच गांवचा मानतात. त्याच्या कथेंत तर बायकामुलें बापाच्या पापाचा वांटा साफ नाकारतात.

या सर्वांहून नाइकाची कथा निराळी आहे. अमेरिकन चित्रपटांतील मूल परकें व निष्पाप आहे. नामदेवांच्या कथेंतील मूल हें केलेल्या हत्येचें जिवंत प्रमाण आहे. नाइकाचें मूल त्याचें स्वतःचें आहे. त्याला पश्चात्ताप झाला असें कथा म्हणत नाहीं. तो वारकरी झाला नाहीं, ऋषि झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हा वाटेवर जाऊन बसलाहि असेल. घरांत मावेनासा झालेला आनंद घेऊन तो बाहेर पडला, आणि त्यांतला वांटा आपल्या बंदिवानास देऊन गेला, एवढेंच.

त्या काळीं या भिल्लांची स्थिति काय होती, तें पाहिलें म्हणजे या आनंदाची किंमत कळते. घाटवाटांची राखण करावी व त्याबद्दल ठरीव हक्क घ्यावा, हा भिल्ल नाइकांचा जुना व्यवहार. शिंदे-होळकरांच्या झगड्यांत खानदेश उद्ध्वस्त झाला, त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ पडला, आणि राखणदार लुटारू बनले. पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण यानें कोपरगांवीं भिल्लांस विश्वासानें बोलावून धरलें व विहिरींत लोटून मारविलें. म्हणजे विश्वासघात राज्यकर्त्यांनीं करावा आणि बंदिवानास सोडण्याचें औदार्य रानांतल्या नाइकानें दाखवावें, असा तो उलटा काळ होता. पुढें इंग्रजांनीं १८२५ सालीं औट्रमच्या हाताखालीं भिल्लांची पलटण उभारली, तेव्हां तींत भरती झालेले लोक याच रानांतले होते.

परंतु त्याच इंग्रजी राज्यानें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. त्या कायद्यानें कित्येक जमातींतील मुलें जन्मतःच गुन्हेगार ठरलीं. तो १९५२ सालीं रद्द झाला, तरी त्यानें लावलेला डाग समाजाच्या मनांतून अद्याप पुसला गेलेला नाहीं. आमच्या कथेंत लुटारूच्या घरीं मूल जन्मतें आणि एक कैदी सुटतो. कायद्याच्या पुस्तकांत तसेंच मूल जन्मतें आणि कैद्यांत एकाची भर पडते. सुशिक्षितांच्या कायद्यास जें दिसलें नाहीं, तें अशिक्षित वारकऱ्यांच्या कथेनें जपून ठेवलें: लुटारू हाहि कोणाचा तरी बाप असतो, व त्याच्या घरचें बारसें आपल्या घरच्याइतकेंच खरें असतें.

रूढ कथेंत नाइकाला नांव नाहीं, त्याच्या मुलालाहि नाहीं. आळंदीस समाधिमंदिराच्या महाद्वारीं हैबतबाबांची पायरी आहे, आणि कार्तिकी यात्रेचा आरंभ तिच्याच पूजनानें होतो. तेथें हात जोडणारांनीं हैबतबाबांबरोबर त्या बापलेकांचेंहि स्मरण करावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे. तो मुलगा त्या दिवशीं जन्मास आला नसता, तर आळंदीची वारी आज आपण पाहतों त्या रूपांत निघाली असती असें आम्हांस वाटत नाहीं.