नाव तेच, वास निराळा

तिन्हीसांजेस देवापुढे दिवा लागला की निखाऱ्यावर उदाची चिमूट पडावयाची, ही गिरगावच्या चाळींतील जुनी रीत. तो गोडसर, उबदार, किंचित कडवट धूर आणि पॅरिसचा एक जगप्रसिद्ध स्त्रियांचा सुगंध यांचे चुलत नाते आहे, असे आम्ही म्हटले तर पुष्कळ वाचकांस ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु ऊद आणि व्हॅनिलाची शेंग या दोहोंच्या गोडव्यात व्हॅनिलिन हे एकच द्रव्य आहे. युरोपीय गंधी ज्याला 'अंबर' म्हणतात, तो देवमाशाच्या पोटातला अंबर नव्हे. लॅब्डेनम नावाची राळ, ऊद आणि व्हॅनिला यांच्या मिश्रणाला त्यांनी दिलेले ते नाव होय.

या अंबर-व्हॅनिलाच्या कुळातील सर्वांत गाजलेला सुगंध म्हणजे 'शालिमार'. जाक गेर्लाँ यांनी तो 1921 साली सिद्ध केला व 1925 च्या पॅरिस प्रदर्शनाने त्याला कीर्ती मिळाली. नाव आपल्याकडच्या मोगल बागेचे. शाहजहानाने मुमताजसाठी ही बाग केली, अशी कथा अत्तराच्या बाटलीबरोबर जगभर विकली गेली. इतिहास मात्र थोडा अरसिक आहे. काश्मिरातील शालिमार जहांगिराने 1619 साली आखली, आणि लाहोरची शाहजहानाने 1641 साली, म्हणजे मुमताजच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी! असो, बाग कोणाचीही असो, बाटलीतली करामत खरी होती. व्हॅनिलिन 1874 पासून प्रयोगशाळेत होऊ लागले होते. त्याच्या तिपटीने तीव्र असे एथिल व्हॅनिलिन गेर्लाँ यांनी वापरले, त्यावर बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल सढळ हाताने ओतले, आणि तळाशी जवादी मांजराचा उग्र मद ठेवला. लिंबाची झुळूक ओसरली की ऊब उरे.

तो शालिमार आज मिळत नाही. नाव, बाटली, निळे झाकण कायम आहे. आतले सूत्र अनेकदा बदलले. बर्गामोटच्या तेलातील बर्गाप्टेन हे द्रव्य अंगावर असताना ऊन लागले तर कातडीवर काळे डाग उठतात, म्हणून ते काढून टाकलेले तेल वापरात आले. जवादीची जागा कृत्रिम द्रव्याने घेतली. गंधद्रव्यांच्या धंद्याने 1973 साली आंतरराष्ट्रीय संस्था स्थापून अशा पदार्थांवर मर्यादा घालण्यास आरंभ केला. त्या काळी सुगंधांत सर्रास वापरली जाणारी 'मस्क अँब्रेट' ही कृत्रिम कस्तुरी अपायकारक ठरून बाद झाली. जुन्या बाटल्या जपून ठेवणारे रसिक याबद्दल हळहळतात. आम्हांस त्यांची हळहळ समजते. परंतु कोणाच्या गळ्यावर डाग उठू नयेत म्हणून सुगंध थोडा फिका झाला असेल, तर त्याबद्दल तक्रार करणे आम्हांस अवघड वाटते.

आमची तक्रार निराळी आहे, आणि ती घरचीच आहे. शालिमारच्याच काळात, 1922 साली, मुंबईत केळकर व वझे यांनी सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय आरंभिला. एस. एच. केळकर आणि कंपनी ती हीच; मंगलदास रस्त्यावरील देवकरण मॅन्शनशी तिचे नाव निगडित आहे. पुढे याच कंपनीने हॉलंडमधील एक कारखाना घेतला, जो टोनॅलिड ही नव्या पिढीची कृत्रिम कस्तुरी बनवी. पॅरिसच्या कुपीत काय बदलले, याचा धागा असा प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपास येऊन पोचतो. तेथून जुम्मा मशिदीकडे चालत गेले की अत्तरांची दुकाने लागतात. आमच्या कुटुंबांतील हिना, केवडा, वाळा येत तो तिथूनच.

जुने अत्तर म्हणजे कनोजच्या डेग-भपक्यातून निघालेला अर्क, चंदनाच्या तेलात मुरविलेला. फुलाचा वास उडून जाई. चंदन त्याला धरून ठेवी. म्हैसूर सरकारने चंदनतेलाचा कारखाना 1916 साली काढला. पण झाडे कमी होत गेली, चोरटी तोड वाढली, 1998 साली चंदनाची गणना धोक्यात आलेल्या वृक्षांत झाली, आणि तेलाचा भाव सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेला. त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आले; प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरतात ते डायऑक्टिल थॅलेटही आले. येथे कारण गिऱ्हाइकाच्या कातडीचे नव्हते, केवळ भावाचे होते. कुपीवर मात्र 'हिना' ही अक्षरे तशीच राहिली.

दादरला एका संक्रांतीच्या हळदीकुंकवात आमच्या आजीने मनगटाला लावलेला हिना हुंगला आणि म्हणाली, "हा हिना नव्हे." वय झाले, नाक गेले, असे आम्ही सर्वांनी मनात ठरवून टाकले. पुढे एका अत्तरवाल्याने आम्हांस सहज विचारले, चंदनावरचा हवा की साध्या तेलावरचा? असे दोन प्रकार असतात हेच आम्हांस ठाऊक नव्हते. त्याने दोन्ही कुप्या उघडल्या. पहिल्या क्षणी दोहोंत फरक कळेना. तासाभराने एका मनगटावर काही उरले नव्हते. तो माणूस प्रामाणिक होता, कारण त्याने विचारले. गंधाचे सूत्र बदलणाऱ्या मोठमोठ्या घराण्यांना एवढा एक प्रश्न विचारावयास काय जाते?

व्हर्सायला 1990 साली एक गंधसंग्रहालय निघाले. बंद पडलेले आणि बदललेले सुगंध तेथे मूळ सूत्राबरहुकूम पुन्हा बनवून, आर्गॉन वायूखाली, 12 अंशांच्या गारव्यात ठेवतात. आमच्याकडे आजीची चांदीची अत्तरदाणी आहे. तिच्या तळाशी कापसाचा एक वाळलेला बोळा आहे. झाकण काढून नाक जवळ नेले तर अजून चंदन येते. हिना गेला आहे.