काळा शुक्रवार : ॲव्ह्रो कारखान्यांतील तरुण विमानविशारद

तंत्रविद्या शिकलेल्या मनुष्यास नोकरीची ददात नाहीं, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ होती. मुलास गणित बरें येतें असें दिसलें कीं त्यास इंजिनियर करावें, म्हणजे त्याच्या जन्माची सोय झाली, असा आईबापांचा हिशेब असे. २०२२ च्या अखेरीपासून अमेरिकेंतील बड्या संगणक-कंपन्यांनीं हजारों माणसें एकदम कमी केलीं, त्याचे धक्के पुण्या-बंगळुरापर्यंत पोंचले, आणि हा हिशेब डळमळला. माझ्या एका माजी विद्यार्थ्यास नोकरीस लागून पुरतीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. पहाटे आलेल्या एका पत्रानें त्याला घरीं बसविलें. “सर, माझें काय चुकलें?” हा त्याचा प्रश्न. चुकलें कांहींच नव्हतें. पण एवढ्यानें कोणाचें समाधान होत नाहीं. त्याला मीं जी एक हकीकत सांगितली, तीच आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडतों.

ही हकीकत कॅनडांतील टोरोंटो शहराजवळच्या माल्टन या गांवची. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लँकेस्टर जातीचीं बाँबफेकी विमानें बनत. १९४५ सालीं तो कारखाना एका ब्रिटिश उद्योगसमूहाच्या हातीं जाऊन ‘ॲव्ह्रो कॅनडा’ या नांवानें चालूं लागला. उत्तर ध्रुवावरून रशियाचीं विमानें चाल करून येतील, ही त्या काळीं कॅनडाची मोठी धास्ती होती. तीं वाटेंतच गांठावीं, याकरितां ‘ॲरो’ म्हणजे ‘बाण’ या नांवाचें विमान तयार करण्याचें काम ॲव्ह्रोकडे आलें. त्रिकोणी पंख, दोन प्रचंड एंजिनें आणि आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेग. वैमानिकाच्या हातचा दांडा व पंखांवरील झडपा यांमध्यें विजेच्या संदेशांनीं काम करणारी यंत्रणा बसविली होती. त्या काळीं ही गोष्ट अगदीं नवी. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं हजारों लोकांसमक्ष पहिलें विमान कारखान्याबाहेर आणलें गेलें. दैवाचा खेळ असा कीं, त्याच दिवशीं रशियानें ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला, आणि दुसऱ्या दिवशीं ॲरोची बातमी कोण वाचतो! २५ मार्च १९५८ रोजीं यानुश झुराकोवस्की या पोलिश वैमानिकानें त्याचें पहिलें उड्डाण केलें. विमान उत्तम उडालें.

उत्तम उडालें तरी तें बुडालें, आणि याचीं कारणें समजून घेतलीं पाहिजेत. स्पुटनिक वर नेणारा अग्निबाण अण्वस्त्रही नेऊं शकतो. मग शत्रु विमानें कशाला पाठवील, असा प्रश्न निघाला. खर्च वर्षागणिक फुगत होता. परदेशीं गिऱ्हाईक एकही मिळेना. १९५७ सालीं डीफेनबेकर यांचें नवें सरकार आलें. २३ सप्टेंबर १९५८ रोजीं त्यांनीं जाहीर केलें कीं, अमेरिकेचीं ‘बोमार्क’ क्षेपणास्त्रें घ्यावयाचीं, ॲरोचें उत्पादन तूर्त लांबवावयाचें, आणि मार्च १९५९ मध्यें फेरविचार करावयाचा. कॅनडांत आजही या पंतप्रधानांस शिव्याशाप देणारे लोक आहेत. मला तें पुरतें न्यायाचें वाटत नाहीं. खर्चाची धास्ती आधींच्या सरकारनेंही घेतलीच होती. (ज्या बोमार्कसाठीं हें सारें झालें, त्यांवर अण्वस्त्रें बसवावीं कीं नाहींत या वादांत १९६३ सालीं डीफेनबेकर यांचेंच सरकार कोसळलें, ही गोष्ट वेगळी.) दोष द्यावयाचा तो ज्या रीतीनें काम बंद केलें तिला.

फेरविचार मार्चमध्यें होणार, म्हणून लोक आपापल्या कामांत होते. शुक्रवार, २० फेब्रुवारी १९५९ रोजीं सकाळीं पंतप्रधान पार्लमेंटांत उभे राहिले आणि ॲरो रद्द झाल्याचें त्यांनीं सांगितलें. कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड गॉर्डन यांनीं ती वार्ता कारखान्यांतील ध्वनिक्षेपकावरून सर्वांस कळविली, आणि त्याच दिवशीं १४,००० हून अधिक माणसें कामावरून कमी झालीं. सरकारनें या माणसांची पुढील तजवीज केली नव्हती, कंपनीपाशीं दुसरें काम नव्हतें, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवीत होते. कॅनडाच्या इतिहासांत हा दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून नोंदला गेला आहे.

त्यांत पंचविशी-तिशींतले इंजिनियर पुष्कळ होते. कित्येक तर ब्रिटनमधून घरदार हलवून नुकतेच आलेले. विमानाचा कारखाना म्हणजे कांहीं किराणा मालाचें दुकान नव्हे, कीं एक बंद झालें तर शेजारीं दुसरें असावें. तेवढ्या उंचीचें काम त्या देशांत दुसरीकडे नव्हतेंच. अमेरिकन व ब्रिटिश कंपन्या माणसें वेंचावयास पुढें आल्या. परंतु या प्रसंगीं जो मनुष्य मला फार मोठा वाटतो, तो जिम चेंबरलिन. ॲरोच्या रचनेंतील हा एक प्रमुख; वय ४३. त्यानें एकट्यापुरती वाट शोधली नाहीं. अमेरिकेंत अंतराळसंशोधनाची ‘नासा’ ही संस्था १९५८ मध्येंच स्थापन झाली होती. मनुष्यास अंतराळांत धाडण्याचें काम रॉबर्ट गिलरूथ यांच्या हाताखालच्या एका लहानशा पथकाकडे होतें, आणि त्यांस माणसांची निकड होती. चेंबरलिननें व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्यांच्याशीं संधान बांधलें. गिलरूथ यांची मंडळी स्वतः टोरोंटोस येऊन मुलाखती घेऊन गेली. एप्रिलमध्यें पंचवीस जण व्हर्जिनियांतील लँग्ले येथें रुजू झाले. पुढें आणखी कांहीं गेले, आणि संख्या सुमारें बत्तीस झाली.

नासानें यांना दयेनें घेतलें असें कोणी समजूं नये. उडत्या विमानांतील मोजमापें रेडिओनें जमिनीवर घेऊन तेथल्या तेथें त्यांचा अर्थ लावणें, अतिवेगानें तापणाऱ्या धातूचा हिशेब करणें, विजेच्या यंत्रणेनें विमान ताब्यांत ठेवणें हीं कामें त्यांनीं ॲरोसाठीं केलीं होतीं. विमान मोडीत गेलें, तरी हें शिक्षण त्यांच्या डोक्यांत शाबूत होतें. चेंबरलिन दोन माणसांच्या ‘जेमिनी’ यानाचा प्रमुख रचनाकार झाला. टेक्विन रॉबर्ट्स हा वेल्समधला. अंतराळयानाच्या मार्गावर जमिनीवरून नजर ठेवणारा तो पहिला अधिकारी. ब्रायन अर्ब २७ वर्षांचा होता. चांद्रयान परततांना वातावरणांत जळूं नये म्हणून त्यास जें उष्णतारोधक कवच असतें, त्यावर त्यानें काम केलें. ओवेन मेनार्ड चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या आंखणीत आरंभापासून होता. जॉन हॉज तिसाव्या वर्षीं बेकार झाला होता. १६ मार्च १९६६ रोजीं ‘जेमिनी-८’ अंतराळांत गरगरां फिरूं लागलें, तेव्हां ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षाचीं सूत्रें त्याच्या हातीं होतीं. यानांत नील आर्मस्ट्राँग व डेव्हिड स्कॉट होते, आणि दोघेही सुखरूप परतले. काळ्या शुक्रवारानंतर पुरतीं साडेदहा वर्षें लोटण्याच्या आंत, २० जुलै १९६९ रोजीं, तोच आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला.

येथपर्यंत सांगून थांबणें सोपें आहे, आणि पुष्कळ लोक तेथेंच थांबतात. पण बत्तीस वजा केले तर चौदा हजारांतून कितीसे उणे होतात? जोडारी, पत्राकाम करणारे, आरेखक, कचेरींतील टंकलेखिका यांना न्यावयास कोणी गिलरूथ आला नाहीं. थोड्यांना आवराआवरीसाठीं कंपनीनें परत बोलाविलें; बाकीचे जेथें वाट मिळाली तेथें पांगले. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगांवांतील माणूस निदान कोंकणांत वा घाटावर आपल्या गांवीं परतूं शकला. आगबोटीनें समुद्र ओलांडून माल्टनला आलेल्यानें कोठें परतावें? खुद्द झुराकोवस्कीनें चांचणी-वैमानिकाचा पेशा सोडला. ऑन्टेरियोच्या अरण्यप्रदेशांत, बॅरीज बे येथें, त्यानें प्रवाशांसाठीं एक विश्रामगृह बांधलें आणि तें तो चालवीत राहिला. २००४ सालीं तो वारला.

ॲव्ह्रो कंपनी १९६२ सालीं संपली. उडालेलीं पांचही विमानें १९५९ मध्येंच कापून भंगारांत घातलीं गेलीं. सांचे मोडले, कागदपत्र नष्ट करण्याचे हुकूम सुटले. सहावें विमान अधिक जोरकस ‘इरॉक्वाय’ एंजिनें लावून जवळजवळ सिद्ध झालें होतें. त्याचें नाक तेवढें ओटाव्याच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतें. नकाशे जाळा म्हणून सांगितलें असतां एका आरेखकानें कांहीं घरीं नेले व तळघरांत ठेवून दिले. त्यांचा पत्ता जगास २०२० सालीं लागला.