बंगळूरची झाडं : लावली कुणी, छाटायची कुणी?

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी बंगळूरची पोस्टिंग केली आहे त्यांना तिथल्या झाडांबद्दल वेगळं सांगायला नको. एमईजी सेंटर असो, एएससी सेंटर असो की सीएमपी, गेटच्या आत शिरलं की डोक्यावर रेन ट्रीची कमान असते. राजस्थान किंवा लेह करून आलेला जवान पहिल्या दिवशी मान वर करूनच चालतो.

मी या झाडांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गोष्ट खटकली. झाडं लावणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत, त्यांच्या नावाचे रस्ते आणि तलावही आहेत. ही झाडं छाटणाऱ्याचं एकही नाव कुठे सापडत नाही. आज बंगळूरच्या झाडांचं जे दुखणं आहे त्याचं मूळ इथंच आहे, असं माझं मत झालं आहे. आपले पुष्कळ माजी सैनिक बंगळूरला आणि बेळगावला प्लॉट घेऊन स्थायिक झाले आहेत, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात लालबागेपासून करू. हैदर अलीनं १७६० मध्ये ती वसवायला घेतली आणि टिपूनं देशोदेशीची रोपं मागवून ती वाढवली. टिपू पडल्यावर दहा वर्षांनी, म्हणजे १८०९ मध्ये, इंग्रजांनी बंगळूरला छावणी हलवली. श्रीरंगपट्टणचं पाणी आणि हिवताप फौजेला मानवत नव्हता. छावणी आली तसे बंगले आले, आणि बंगल्याभोवती भलंमोठं कंपाउंड आलं. कब्बन पार्क १८७० मध्ये आखला तो म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी. हे सँकी मूळचे मद्रास इंजिनियर्सचे, म्हणजे आजच्या मद्रास सॅपर्सचेच पूर्वज. सदाशिवनगरजवळचा सँकी तलावही त्यांचाच, १८८२ चा. बंगळूरची हिरवळ वाढवण्यात एका सॅपरचा एवढा मोठा हात आहे, हे आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं.

दुसरं मोठं नाव गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल यांचं. या जर्मन माणसाशी आपलं मराठी नातं आहे. ड्रेस्डेनजवळ जन्म, लंडनच्या क्यू बागेत उमेदवारी, आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात, संस्थानच्या बागा सांभाळायला. तिथून पुढे १९०८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना लालबागेत आणलं. १९३२ पर्यंत ते तिथे होते, आणि १९५६ मध्ये बंगळूरमध्येच वारले. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, वर्षभर शहरात कुठे ना कुठे फूल दिसावं, अशी त्यांची रस्त्याकडेच्या झाडांची कल्पना होती. दक्षिण अमेरिकेतला नीलमोहर, मादागास्करचा गुलमोहर, पिवळ्या फुलांचा सोनमोहर अशी पाळी लागते ती या विचारातून. हिवाळ्याच्या शेवटी बंगळूर गुलाबी दिसतं ते टॅबेबुयामुळे. तो पुढच्या पिढ्यांनी त्याच मार्गानं लावला.

आता छाटणीच्या अंगानं हा काळ पाहा. बंगल्याला मोठं कंपाउंड होतं, रस्ता रुंद होता, वर तारा नव्हत्या, खाली काँक्रीट नव्हतं. रेन ट्रीला तीस-चाळीस फूट पसरायचं असेल तर जागा होती. वाळलेली फांदी पडली तर गवतावर पडायची. हाताखाली पगारी माळी होते. त्यांनी झाड लहान असतानाच नको त्या फांद्या काढलेल्या असत. जुन्या लष्करी भागात आजही सरळ, उंच बुंध्याची झाडं दिसतात ती त्या माळ्यांची कमाई आहे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

प्लेगच्या सुमारास, १८९८ च्या आसपास, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. मल्लेश्वरमच्या दोन मुख्य रस्त्यांची नावंच संपिगे रोड आणि मार्गोसा रोड आहेत, म्हणजे चाफ्याचा रस्ता आणि कडुनिंबाचा रस्ता. तिथंही घराला अंगण, परसात नारळ आणि फणस असं चाललं.

चित्र बदललं ते १९७०-८० नंतर. १९७६ साली बंगळूर विकास प्राधिकरण स्थापन झालं, आणि तीस बाय चाळीस फुटांची साईट हे मध्यमवर्गाचं आणि आपल्या पेन्शनरांचंही स्वप्न बनलं. त्याच वर्षी कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा आला. आपल्या महाराष्ट्राचा शहरी भागांसाठीचा कायदा त्याच्या एक वर्ष आधीचा, १९७५ चा. ऐंशीच्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी पाच वर्षांत सुमारे पंधरा लाख झाडं शहरात लावली. आज तिथल्या निवासी गल्ल्यांत जी सावली आहे तिच्यातला मोठा वाटा त्या मोहिमेचा आहे. हे काम फार मोठं होतं, यात शंका नाही.

लावण्याची मोहीम झाली, तोडण्यावर कायदा झाला. या दोहोंच्या मधलं रोजचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही. कायद्याप्रमाणे झाड आपल्या स्वतःच्या आवारात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि छाटणीसाठीही अर्ज करावा लागतो. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ अशा काही झाडांना कायद्यात सूट आहे. नियम योग्यच आहे. पण छाटायचं कसं, कोणी, किती, हे शिकवणारी व्यवस्था त्या मानानं उभीच राहिली नाही. वीजवाहिनीखालची झाडं तारेपुरती एका बाजूनं कापली जातात, मग झाड दुसऱ्या बाजूला कलतं. केबल आणि गटारासाठी खोदताना मुळं तुटतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं जातं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. बंगळूरच्या किती फुटपाथांवर एवढी जागा दिसते, ते फिरताना बघा.

हरिणी नागेंद्र आणि दिव्या गोपाल यांनी २०१० मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवरच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुंद रस्त्यांवर मोठी झाडं आहेत, अरुंद गल्ल्यांत झाडं कमी आणि लहान आहेत, असं त्यांना दिसलं. म्हणजे शहराची सावली ज्या मोठ्या झाडांवर टिकून आहे ती त्याच रस्त्यांवर आहेत जिथे रुंदीकरण, मेट्रो आणि उड्डाणपूल येतात. त्यांची निगा चुकली तर त्या जागी तशी झाडं पुन्हा येणार नाहीत.

२ जून २०२४ ला एका दिवसात शहरात १११ मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यात एका दिवसात इतका पाऊस १३३ वर्षांत झाला नव्हता. वाऱ्या-पावसात दोनशेहून जास्त झाडं पडली. अशा रात्रीनंतर लोकांच्या मनात झाडाची भीती बसते. दुसऱ्या दिवशी करवतवाल्याला फोन जातो आणि तो धडधाकट झाडाचंही मुंडकं उडवून जातो.

मी तासगावकडचा, द्राक्षाच्या पट्ट्यातला. आमच्याकडे छाटणी हा शब्द लहान पोरालाही कळतो. एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी. काडीवर किती डोळे ठेवायचे यावर वर्षाची कमाई ठरते. छाटणीची टोळी लांबून बोलावतात आणि तिला मान देतात. कोकणात राबासाठी झाडं सवळायचंही एक शास्त्र आहे. कोणतं झाड किती सवळायचं आणि वरचा शेंडा कसा राखायचा, हे जाणत्यांना माहीत असतं. शहरातल्या सावलीच्या झाडाला मात्र असा जाणता मिळत नाही, कारण त्याच्या छाटणीतून कुणाचं पीक येत नाही.

बंगळूरला असताना ओळखीच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांकडे हा प्रकार जवळून पाहिला. उत्तरेकडच्या एका लेआउटमध्ये त्यांचं घर, आणि गेटला लागून चाळीस वर्षांचा रेन ट्री. दोन फांद्या शेजाऱ्याच्या गच्चीवर गेलेल्या. पहिला ठेकेदार आला, वर बघितलं आणि म्हणाला, "सार, पूरा ऊपर का निकाल देंगे, पाँच साल देखना नहीं." मजुरी कमी सांगितली, लाकूड त्याचं. साहेब मला म्हणाले, "अरे बाबा, हा झाडाचा डॉक्टर आहे की लाकडाचा व्यापारी?" प्रश्न बरोबर होता. लाकडातून पैसे सुटत असतील तर करवत जाड फांदीकडेच वळणार.

साहेबांनी रीतसर अर्ज केला. पाहणी झाली, परवानगी यायला पाच आठवडे गेले. मग दुसरी टोळी आली. वर चढणारा तमिळ माणूस पन्नाशीचा होता. त्यानं आधी झाडाभोवती दोन चकरा मारल्या, बुंध्यावर कोयत्याच्या पाठीनं ठोकून आवाज ऐकला, मग कमरेला दोर बांधून चढला. सगळ्या झाडाच्या चार फांद्या काढल्या, दोराला बांधून एकेक खाली सोडल्या. गच्चीचं एक कौलही हललं नाही. बाप नारळावर चढायचा, म्हणाला, त्याच्याकडूनच शिकलो. विमा नाही, हेल्मेट नाही. दोर मात्र स्वतःचा, रोज रात्री तपासून ठेवलेला. आपल्याकडे रॉक क्लाइंबिंगचा उस्ताद दोर जसा तपासतो, तसाच.

तो जे हातानं करत होता त्यामागचं शास्त्र अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या ॲलेक्स शायगो यांनी मांडलं. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिलं आणि १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती भिंत उभी करतं आणि कूज आतच कोंडून ठेवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते कडं शाबूत ठेवून कापलं तर भिंत नीट बांधली जाते. खोडाला घासून कापलं तर ती ताकद जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो सडून कूज आत जाते. कापल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याचाही उपयोग नाही.

आता घर असलेल्या बांधवांसाठी कामाच्या चार गोष्टी.

जाड फांदी एका घावात कधीच काढू देऊ नका, साल सोलत खाली येते. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. वजन पडलं की उरलेला खुंट कड्याशी नीट काढायचा.

शेंडा उडवायचा नाही. तिथून जे दाट फुटवे येतात त्यांची पकड वरवरची असते, आणि तीन-चार वर्षांनी वादळात तेच पडतात. आतल्या सगळ्या फांद्या काढून टोकाला शेंडीसारखा झुबका ठेवणंही तितकंच वाईट, कारण वाऱ्याचा सगळा जोर टोकावर येतो. एका वेळी पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा समजा.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करा. एप्रिल-मेचे वळीव सुरू झाल्यावर सगळ्यांना एकदम घाई होते आणि टोळी मिळेल ती बोलवावी लागते. शिवाय तेव्हा पक्ष्यांची घरटी असतात. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज दिवाळीतच टाका. २०२५ पासून बंगळूरला एकाच्या जागी पाच महानगरपालिका झाल्या आहेत, तेव्हा आपलं घर कोणत्या हद्दीत येतं ते आधी बघा.

आणि वर चढणाऱ्याला नीट विचारा. दोर कुणाचा, खाली माणूस किती, तारेचा प्रवाह बंद केला आहे का. मजुरी रोख ठरवा आणि लाकूड हिशेबाबाहेर ठेवा, म्हणजे कमी कापण्यात त्याचं नुकसान होणार नाही. एक हेल्मेट आपल्या पैशानं घेऊन दिलं तरी घराच्या खर्चात ते दिसणार नाही.

कँटोन्मेंटमध्ये आपण झाडावर पांढऱ्या पट्ट्यात नंबर पाहिलेला असतो. रजिस्टरला नोंद असते, बोर्ड बसल्याशिवाय झाड जात नाही. तेव्हा आपल्याला तो कागदी घोळ वाटायचा. पण त्या रजिस्टरमुळेच तिथली झाडं शंभर वर्षं टिकली. आपल्या दारातल्या झाडाचं रजिस्टर आपणच ठेवायचं आहे. कधी छाटलं, कोणत्या फांद्या काढल्या, पोकळी कुठे दिसली, आणि कुणी छाटलं तेही. निदान तुमच्या वहीत तरी त्या माणसाचं नाव लिहून ठेवा.