संसारातील शब्दसाधना

हुलसूरच्या परिसरातील कल्याणनगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, १२ व्या शतकात आयदक्की लक्कम्मा राहत होत्या. पती मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत; त्यावरच संसार व दासोह चाले. त्याच घरात लक्कम्मांनी कन्नड वचने रचली. शरणांच्या वचनांची ताडपत्रे जमवून फ. गु. हळकट्टी यांनी १९२३ साली ‘वचनशास्त्र सार’ प्रसिद्ध केले.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची गाणीही जात्यावर, शेतात जन्मली. त्या निरक्षर होत्या. घरच्यांनी टिपलेली गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली.

संसाराच्या श्रमातच या दोघींना शब्द सापडले. मात्र टिपणारे हात न लाभल्याने किती ओव्या चुलीपाशीच विरल्या असतील! सभासदांनी आपल्या घरच्या ओव्या उतरवून ग्रंथालयात जरूर द्याव्यात.