अंगणातली शाळा

दिवाळी सरली की आमच्या फुलंब्रीच्या शिवारात कापसाची वेचणी जोर धरते आणि माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे गैरहजेरी वाढू लागते. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आई वेचणीला गेली की तान्हे भावंड थोरलीच्या कडेवर येते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक चौथीतली मुलगी भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिली. “बाई, ह्याला घेऊन बसू का?” तिने विचारले. मी म्हणाले, “ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे.” ती परत गेली आणि पुन्हा आली नाही. माझ्या एखाद्या कादंबरीत असे बोलणाऱ्या बाईला मी क्षमा केली नसती.

पुढे ताराबाई मोडकांचे काम वाचनात आले तेव्हा माझ्या त्या उत्तराची मला लाज वाटली. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने माँटेसरी पद्धतीवर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. पण खरी अडचण निराळी होती. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले तिथे येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या. मुलांना न्हाऊ-माखू घालून त्यांच्याच अंगणात त्यांनी गाणी-गोष्टी सुरू केल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हाच विचार आणखी वाढला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. माझ्या दाराशी आलेल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ती विचारण्याच्या कितीतरी आधी देऊन झाले होते!

ताराबाई १९७३ साली वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी हे सारे तिथून गावोगाव पोचले. हे काम लहान नव्हे. कोसबाडची एक टेकडी ते एकटी करू शकली नसती.

पण वाढताना काही मागे राहिले. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी पोचतो. त्याला दिवसभर सांभाळणे मात्र अंगणवाडीच्या कामात नाही. शिवाय अंगणवाडी दुपारी मिटते आणि वेचणी दिवस मावळेपर्यंत चालते. मधले तास कुणी सांभाळायचे? थोरलीने. आणि हा सारा डोलारा ज्या सेविका आणि मदतनीस यांच्या खांद्यावर उभा आहे, त्यांना पगार नाही, मानधन आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. मूल सांभाळणे हे बाईचे उपजत काम, त्याला मोल कसले, ही आपली जुनी समजूत. आईच्या जागी सेविका आली, तरी समजूत तीच राहिली.

त्याच २०२२ साली केंद्राने ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरवले. विकासवाडीतला पाळणा पुन्हा आठवला म्हणायचा. तो आमच्या शिवारापर्यंत केव्हा येतो ते पाहायचे. पण वेचणी काही थांबत नाही.

गेल्या वर्षी मी वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी अंथरली आणि मुलींना सांगितले, भावंडे घेऊन या. दोघी आल्या. धाकटी मध्येच रडतात, पाढे थांबतात, पुन्हा सुरू होतात. कोपऱ्यातल्या त्या सतरंजीकडे पाहताना मला अजून तीच मुलगी आठवते, जिच्यासाठी मी ती अंथरली नव्हती.