टायबरच्या खोऱ्यातला पळसगावचा नाईक

बदलापूरहून लोकल पकडून कल्याणकडे निघालं की वाटेत उल्हासनगर लागतं. तिथे आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. हा कॅम्प दुसऱ्या महायुद्धातला. कल्याणजवळ उभारलेल्या या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि 1949 मध्ये तिथे उल्हासनगर वसलं. ज्या युद्धाने या पट्ट्याला छावणी दिली, त्याच युद्धाने कोकणातल्या शेतकऱ्यांची पोरं थेट इटलीच्या डोंगरांत नेली. छावणीचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. त्या पोरांची नावंही राहायला हवी होती.

त्यांतलं एक नाव यशवंत घाडगे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते.

10 जुलै 1944. इटलीत अप्पर टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडग्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जवान मेला किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे. ते थांबले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबॉम्ब फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. ठाणं हाती आलं, पण शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघं 22.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक भारतीय शिपायांना 1911 पर्यंत मिळूच शकत नव्हतं. त्यांच्यासाठी 1837 पासून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ होती. इटलीच्या लढाईत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैनिकांचे आहेत. त्याच भूमीवर 5,782 भारतीय सैनिक पडले, हा आकडा पदकांच्या शेजारीच वाचायला हवा. पळसगावात पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवऱ्याची समाधीही आली नाही. घाडग्यांची कबर ज्ञात नाही, नाव तेवढं कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

दुसरं नाव तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचं. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी, गोळ्यांच्या वर्षावात, त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडे नेलं आणि परत फिरून मशीनगनची ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त केली. हात जायबंदी झाल्यावर ते बांधावर चढले आणि मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना बोलावू लागले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला, आणि ते जिवंत परतले. 1984 पर्यंत जगले.

माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. जुलै 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकांत मात्र हा नाईक अजून सहज भेटत नाही. तो भेटला पाहिजे, कारण कॅम्प नंबर चार आणि टायबरचं खोरं यांचा इतिहास एकच आहे.